दुसरं ग्राफिक्स कार्ड, तीन मॉनिटर आणि मधेच उचललेली भिशी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून एका २७ वर्षांच्या वाचकाने पत्र पाठवलंय. ते गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत कॅड डिझायनर आहेत. हातात येणारा पगार ४२,००० आणि रात्री इंटिरियरवाल्यांसाठी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्रं करून महिन्याला साधारण ९,००० मिळतात. घरी एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) असलेला कॉम्प्युटर आहे. आता तसंच दुसरं कार्ड जुन्या बाजारातून घ्यायचं, दोन्ही जोडायची आणि गेम खेळायला समोर २४० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारे, तीन मॉनिटर लावायचे, असा बेत आहे. "एकदाच करायचं तर नाद खुळा सेटअप करायचा," असं त्यांनी लिहिलंय.

त्यांनी दिलेला हिशोब असा: कार्ड ६५,०००, दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंक ब्रिज १५,०००, मोठा पॉवर सप्लाय २८,०००, नवा मदरबोर्ड २७,०००, २७ इंची १४४०पी मॉनिटर २८,००० चा एक असे तीन म्हणजे ८४,०००, आणि यूपीएस १८,०००. एकूण २,३७,०००. पैसे उभे करायचे ते असे: १,८०,००० च्या एफडीतले १,२०,००० मोडायचे, लिलाव भिशी आत्ताच ८६,००० ला उचलायची आणि उरलेले ३१,००० क्रेडिट कार्डच्या ईएमआयवर टाकायचे.

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण रात्री तासभर मीही खेळतो. ६० हर्ट्झवरून पहिल्यांदा १४४ वर गेल्यावर डोळ्यांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे "गेमिंगवर पैसे घालवू नका" असं मी म्हणणार नाही. तुमच्या यादीतली एक वस्तू तुम्ही जरूर घ्या. बाकीच्या वस्तूंचं मात्र एकेक करून बघू, कारण त्यातल्या बऱ्याच वस्तू एकमेकींच्या कामाच्याच नाहीत.

आधी दुसरं कार्ड. दोन कार्डं जोडून गेम चालवण्याची सोय एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय नावाने आणली, पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. तेव्हा खालच्या दर्जाची दोन कार्डं घेऊन वरच्या कार्डाची गती मिळवणं हा खरोखर फायद्याचा सौदा ठरू शकत होता. पण ही सोय चालण्यासाठी प्रत्येक गेमकरता ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल लागायचं. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नवी प्रोफाइल देणं थांबवलं. तुमच्या ३०९० ला तर ती जुनी पद्धत लागूच नाही. गेम बनवणाऱ्याने स्वतः दोन कार्डांची सोय गेममध्ये लिहिली असेल तरच दुसरं कार्ड हलणार, आणि असे गेम मोजकेच आहेत. पुढच्या ४०९० मध्ये कंपनीने ब्रिज जोडण्याची जागाच काढून टाकली. म्हणजे ज्या रस्त्यावर तुम्ही १,३५,००० ओतायला निघालात, तो बांधणाऱ्यानेच पुढे बंद केलाय. कार्ड, ब्रिज, पॉवर सप्लाय आणि बोर्ड या चौघांची बेरीज तेवढीच होते.

समजा एखादा गेम दोन्ही कार्डं वापरतो. तरी तुम्हाला हवं ते मिळणार नाही, आणि हे तुम्हाला फौंड्रीच्या भाषेत लगेच कळेल. एका साच्याशेजारी दुसरा साचा लावला तर तासाला नग दुप्पट निघतील, पण एक कास्टिंग थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच. दोन कार्डांचं तेच होतं. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, एक कार्ड काढतं, पुढची दुसरं. आकडा वाढतो, पण प्रत्येक फ्रेम बनायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. वर दोन कार्डांच्या फ्रेम सारख्या अंतराने पडद्यावर आल्या नाहीत तर चित्र अडखळल्यासारखं वाटतं. २४० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम जेमतेम ४.१७ मिलिसेकंद टिकते. तुम्ही एवढा महाग पडदा घेणार ते माउस हलवल्या हलवल्या समोरचं चित्र हललं पाहिजे म्हणून. दुसरं कार्ड नेमकं तेच देऊ शकत नाही.

मेमरीचाही एक गैरसमज तुमच्या पत्रात दिसला. प्रत्येक कार्डात २४ जीबी मेमरी आहे, पण २४ अधिक २४ म्हणजे गेमला ४८ जीबी मिळत नाहीत. दोन्ही कार्डांना त्याच वस्तू आपापल्या मेमरीत ठेवाव्या लागतात, म्हणून मिळतात २४ च. लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रॅमला दुसरं कार्ड कामी येतं हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, तिथे मधल्या फ्रेम बनवायला दुसरं कार्ड वापरता येतं. पण त्या कामाला स्वस्तातलं साधं कार्डही पुरतं, आणि बनवलेल्या फ्रेमने हाताला मिळणारा प्रतिसाद वाढत नाही.

आता मॉनिटर. तीन पडदे जोडायला दुसरं कार्ड लागतं असं तुम्हाला दुकानात सांगितलं असेल, तर ते खरं नाही. ३०९० ला सहसा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं, चार पडदे एका कार्डावर चालतात. प्रश्न जोडण्याचा नाही, ते भरण्याचा आहे. १४४०पी च्या एका पडद्यावर सुमारे ३७ लाख ठिपके. तीन पडदे मिळून १ कोटी १० लाख, म्हणजे ४के पेक्षाही जास्त. सेकंदाला २४० वेळा हे रंगवायचं काम एका ३०९० ला भारी गेममध्ये झेपणार नाही, आणि दुसरं मदतीला येत नाही हे वर पाहिलंच. मग ते दोन जादा पडदे २४० चे घेतलेत म्हणून काय, त्यावर गेम ६०-७० नेच चालणार.

तुम्ही रोज खेळता ते व्हॅलोरंट. त्याला तीन पडद्यांचा उपयोग नाही, १६:९ च्या, म्हणजे एका नेहमीच्या रुंद पडद्याच्या आकाराच्या, बाहेरचं जादा दृश्य तो गेम दाखवतच नाही. आणि १४४०पी वर २४० फ्रेम काढायला तुमचं आहे ते एक कार्ड पुरेसं आहे. तिथे अडवतो तो बहुधा प्रोसेसर. म्हणजे तुमच्या खेळाला आणि तुमच्या कार्डाला साजेसा जोड आधीच ठरलेला आहे: एक कार्ड, एक २४० हर्ट्झचा पडदा. तेवढाच घ्या. २८,०००. जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर टाकू नका, तो शेजारी ठेवून त्यावर ब्लेंडरची पॅनेल आणि ग्राहकाचे मेसेज उघडा.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग, म्हणजे रेंडरिंग, थ्रीडी मॉडेलवरून शेवटचं चित्र तयार करणं. गेममध्ये निरुपयोगी ठरलेलं दुसरं कार्ड इथे मात्र खरं काम करतं. ब्लेंडरमधला सायकल्स हा रेंडर करणारा भाग दोन्ही कार्डांना काम वाटून देतो, दोन कार्डांत रेंडरचा वेळ जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. इथे साच्याचा हिशोब जुळतो, कारण तुम्हाला नग हवे आहेत. शिवाय तुमचा सीन २४ जीबीत बसत असेल तर ब्रिजची गरज नाही. १५,००० तिथेच वाचले. बोर्डावरची कार्ड बसवायची दुसरी जागा कमी गतीची असली तरी रेंडरला फारसा फरक पडत नाही, तेव्हा कार्डाला जागा आणि हवा मिळत असेल तर बोर्डही बदलायला नको. पॉवर सप्लाय मात्र लागेल. म्हणजे या मार्गाने खर्च ९३,०००.

तर मग घ्यावं का? तुम्हीच लिहिलंय, "रात्री रेंडर लावून झोपतो, सकाळी फाइल तयार असते." मग ९३,००० देऊन तुम्ही कुठला वेळ विकत घेणार? तुम्ही झोपलेले असतानाचा? रेंडर सहाला संपलं काय आणि तीनला संपलं काय, ग्राहक उठणार आठला. गेल्या सहा महिन्यांत रेंडर वेळेत होणार नाही म्हणून किती कामं परत केली, ते वहीत लिहून काढा. उत्तर शून्य असेल तर दुसऱ्या कार्डाने एक रुपयाही वाढणार नाही. महिन्याला ४,००० ची कामं खरोखर सुटत असतील तर पैसे वसूल व्हायला २३ महिने लागतील, आणि तेही जुन्या, बहुधा वॉरंटी संपलेल्या कार्डावर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडल्यावर अशी बरीच कार्डं बाजारात आली. ३०९० ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला बसवलेली असते आणि ती खूप तापते, तेव्हा आधीच्या मालकाने ते कसं वापरलं हे बाहेरून बघून कळत नाही. एखादं मोठं काम आलंच तर तेवढ्यापुरतं भाड्याचं रेंडर फार्म, म्हणजे रेंडरसाठी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर, घ्या आणि त्याचा खर्च ग्राहकाच्या बिलात लावा.

वीजबिलही तुमच्या हिशोबात नाही. एका ३०९० ची रेटिंग ३५० वॉट. दोन कार्डं, प्रोसेसर आणि तीन पडदे पूर्ण जोरात चालले की जवळपास एक किलोवॉट. रोज चार तास धरले तर महिन्याला १२० युनिट. एक कार्ड आणि एक पडदा असेल तर साधारण ६५. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे हे जादा युनिट नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग दराने लागतात. मागचं बिल काढा आणि त्यातल्या वरच्या दराने गुणा.

भिशीबद्दल जरा थांबतो, कारण आपल्याकडे भिशी उचलणं म्हणजे कर्ज काढणं असं कुणाला वाटतच नाही. तुमची भिशी २० जणांची, महिना ५,०००, आठ महिने झालेत. नवव्या महिन्यात तुम्ही १४,००० सोडून ८६,००० घेणार. शेवटपर्यंत थांबलात तर ११ महिन्यांनी पूर्ण १,००,००० मिळतात. हप्ते दोन्हीकडे तेच. म्हणजे ८६,००० वर ११ महिन्यांचं व्याज १४,०००, वर्षाला जवळपास १८ टक्के. दुसरीकडे तुमची एफडी ७ टक्क्यांनी वाढतेय आणि ती मोडायला बँक बहुधा दंडही लावेल. एका हाताने ७ टक्के सोडायचे, दुसऱ्या हाताने १८ टक्के भरायचे, आणि तेही बाजारात दरवर्षी उतरणाऱ्या वस्तूसाठी. क्रेडिट कार्डच्या 'नो कॉस्ट' ईएमआयवर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी असतो, शिवाय रोखीने मिळणारी सूट जाते. तोही नको.

"कामासाठी घेतोय, टॅक्समध्ये वजावट मिळेल" असंही तुम्ही लिहिलंय. मिळकत जरूर दाखवा, पण फायद्याची आशा धरू नका. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. जो कर भरायचाच नाही, त्यात वाचणार काय? जीएसटी नोंदणी नसल्याने मॉनिटरवरचा १८ टक्के करही परत मिळणार नाही.

एफडीला हात लावू नका असं मी सांगतोय त्याचं कारण तुमच्या पत्त्यात आहे. घर जयंती नाल्याच्या बाजूला, तळमजल्यावर. २०१९ ला पाणी घरात आलं, २०२१ ला पुन्हा आलं, हे तुम्हीच लिहिलंय. घरखर्च महिन्याला ३५,००० आणि वडील निवृत्त. १,८०,००० म्हणजे पाच महिन्यांचा आधार. त्यातले १,२०,००० काढलेत तर दोन महिन्यांचाही उरत नाही. पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे निघाली की आईवडिलांना घेऊन दुसरीकडे राहायला जे पैसे लागतील, ते हेच. त्याच पैशांतून आणलेला कॉम्प्युटर तेव्हा तुम्ही माळ्यावर चढवत असाल. घराची भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली नसेल तर घ्या. त्यात पूर धरलेला असतो आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. कॉम्प्युटरवर कमाईचं काम करता हे मात्र विमा कंपनीला सांगून लेखी उत्तर घ्या.

तुमच्या ५१,००० मधून घरी १५,०००, भिशी ५,०००, गाडीचा हप्ता ४,५०० आणि स्वतःचा खर्च १२,००० वजा जाता १४,५०० उरतात. दोन महिन्यांत २९,०००. मॉनिटर तेवढ्यातच येतो, कुणाचे पैसे न घेता. यूपीएस त्यानंतरच्या दोन महिन्यांत, आणि एकाच कार्डाला पुरेल असा लहान. भिशी शेवटपर्यंत चालू द्या. लाख रुपये हातात येतील तेव्हा ३०९० विकून एकच नवं, वॉरंटीचं कार्ड घ्यायचं की नाही ते ठरवा. तोपर्यंत सुटलेल्या कामांची वही भरलेली असेल, आणि ती घेऊन मला पुन्हा लिहा.

मॉनिटर राजारामपुरीत घ्या किंवा ऑनलाइन, पण बिल तुमच्या नावाचं घ्या आणि खराब पिक्सेलबद्दल कंपनीचा नियम आधी विचारा. घरी आणल्यावर तो मदरबोर्डच्या पोर्टला न लावता कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला, खोक्यात आलेल्याच केबलने लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन २४० हर्ट्झ स्वतः निवडा. बऱ्याचदा तो ६० वरच चालू होतो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.