वाचकांचे प्रश्न: वीज नसताना दमा

प्रश्न (वाळपई): मुलगा नऊ वर्षांचा आहे. दम लागला की मशीनवर वाफ देतो. मे 2021च्या तौक्ते वादळात वीज गेली तेव्हा धाबे दणाणले होते. इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर: घरासाठी हवा तर घ्या, दम्यासाठी नको. सौम्य-मध्यम झटक्यात सल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका लगेच मोकळी करणारा) पंप स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्यातून, नीट दिला तर वाफेइतकाच गुण येतो. पंप हलवा, एकच फवारा स्पेसरमध्ये सोडा, मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्या. मग पुन्हा हलवून पुढचा. असे चार. घाबरून चारही एकदम सोडले तर कण एकमेकांना चिकटतात, स्पेसरच्या आतच बसतात आणि छातीत फारसे काही पोचत नाही. चार मिनिटांत उतार नसेल तर आणखी चार द्या. तरीही धाप असेल तर 108ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत याच पद्धतीने देत राहा. सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर असतील, तर फोन आधी.

स्पेसर पुरात गेलाच तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडा, पंप घट्ट बसवा, फटी चिकटपट्टीने बुजवा. बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत. वेळ असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि न पुसता वाळवा. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच ओढले जाते.

पंप हलवून ‘अजून आहे’ म्हणणे फसवे: औषध संपले तरी आतला वायू फुसफुसत राहतो. 200 फवाऱ्यांच्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर वापर कागदावर मांडा. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप संकटाच्या धांदलीत हमखास सुटतो, आणि खरा झटका त्यानंतरच्या दिवसांत येतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे म्हणजे 120चा पंप महिनाभर; जूनआधी एक जादा आणून ठेवा. श्वासाने ओढायच्या कॅप्सूल पावसाळ्यात सर्दावतात, ऐन वेळीच पाकिटातून काढा.

पाणी ओसरल्यावर एक-दोन दिवसांत भिंती-गाद्यांना बुरशी धरते. साफसफाई इतरांनी करावी, एन-95 मास्क लावून. ब्लीचिंग पावडरमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीच मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो, आणि दमेकऱ्याला तो सर्वांत आधी भोवतो.

प्रश्न (डिचोली): भाऊ कुवेतला नोकरीला, दमा आहे. तिकडे युद्ध पेटले तर?

उत्तर: 1991 साली तिथल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या, शेवटची नोव्हेंबरात विझली. अशा धुरात ओला रुमाल जाडी धूळ अडवतो, बारीक कण नाही. एन-95 हवा, नाकावरची पट्टी दाबून. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. तो मास्कही वायू अडवत नाही, म्हणून दारे-खिडक्या बंद आणि एसी बाहेरची हवा न घेता. पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यापासून लांबच राहावे, सिमेंटची धूळ श्वासनलिकेला जाळते.

औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, एक पंप कायम खिशात. पण तळपत्या गाडीत नको, डबी तापून फुटू शकते. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. अमेरिकी वैद्यकीय पथक भेटले तर सल्ब्युटामॉलला ते अल्ब्युटेरॉल म्हणतात, तेही शेजारी लिहिलेले बरे.