तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी केली तर नेमकं काय शिकवतात? नुसतीच ‘आयुष्याचा अर्थ काय’ छापाची चर्चा असते का?

आयुष्याचा अर्थ हा प्रश्न सगळ्या अभ्यासक्रमात एखाददुसऱ्या तासाला डोकावतो. बाकीचा काळ वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांत जातो. जहाजाची एकेक फळी करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? आजवर सूर्य रोज उगवला, एवढ्यावरून तो उद्याही उगवेल असं मानायला आधार काय? मला एखादी गोष्ट ‘माहीत आहे’ आणि मला ‘तसं वाटतं’ यांत फरक कुठे पडतो?

सुरुवात बहुतेक ठिकाणी तर्कशास्त्राने होते आणि गप्पा मारायला आलेली मंडळी इथेच गळतात. तर्कशास्त्रात विधान खरं आहे का, हा प्रश्नच नसतो. आधारविधानं (ज्यांच्यावरून निष्कर्ष काढायचा ती विधानं) खरी मानली तर निष्कर्ष खोटा असू शकतो का, एवढंच पाहायचं. ‘पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला.’ ऐकायला बरं वाटतं, पण टँकर गळत गेला असेल तर? सत्यता कोष्टक, म्हणजे विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता, मांडला की दोन विधानांच्या चार ओळी होतात, आणि पाऊस खोटा, ओला रस्ता खरा या ओळीत दोन्ही आधारविधानं खरी राहून निष्कर्ष खोटा ठरतो. एक ओळ अशी सापडली की युक्तिवाद अवैध, विषय संपला. तीन विधानं असतील तर आठ ओळी, चार असतील तर सोळा. गणिताची धास्ती असणाऱ्यांनी घाबरू नये, पण रोज अर्धा तास सराव हवाच. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून हे जमत नाही.

प्रश्न पुढे कसा सरकतो ते ज्ञानमीमांसेतल्या, म्हणजे ज्ञानाचाच विचार करणाऱ्या शाखेतल्या, एका प्रश्नावरून सांगतो. ज्ञान म्हणजे काय? नेहमीचं उत्तर असं: तुमचा तसा विश्वास हवा, तो खरा असायला हवा आणि त्याला पुरेसं कारण हवं. आता भिंतीवरचं घड्याळ रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलंय. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नेमकं दोन-दहालाच त्याच्याकडे पाहता आणि ‘दोन-दहा झाले’ म्हणता. विश्वास आहे, तो खरा आहे, कारणही आहे, कारण ते घड्याळ एरवी बरोबर चालतं. तरी तुम्हाला वेळ ‘कळली’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. हे उदाहरण ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं. अशाच दोन उदाहरणांवर अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटिअरने 1963 साली जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि ती व्याख्या मोडून पडली. (बौद्ध तार्किक धर्मोत्तराने याच जातीचं उदाहरण आठव्या शतकात दिलं होतं: मांस भाजायला विस्तव पेटवलाय, अजून धूर नाही, पण मांसावर घोंगावणाऱ्या माश्यांनाच धूर समजून एकजण लांबून ‘तिथे आग आहे’ म्हणतो. आग खरंच आहे!)

मग दुरुस्ती सुचते: वाटेत एकही खोटं गृहीतक नसावं. ‘घड्याळ चालू आहे’ हे खोटं होतं, म्हणून ते ज्ञान नव्हे. छान. पण अशा एका भागातून गाडी चालवा जिथे शेतांमध्ये कोठारांचे नुसते दर्शनी भाग उभे केलेत, मागे काहीच नाही, आणि खरं कोठार एकच आहे. तुमची नजर नेमकी त्या एकावर जाते. खोटं गृहीतक कुठेच धरलं नाही, तरी नशीब मध्ये आलंच. की इथे तुम्हाला खरंच ज्ञान झालंय? यावर जाणकारांतही एकमत नाही. व्याख्या, प्रतिउदाहरण, दुरुस्ती, पुन्हा प्रतिउदाहरण: सगळी पदवी या चक्रात जाते.

नीतिशास्त्रातही हेच. रुळावरून सुटलेली ट्रॉली पाच जणांना चिरडणार आहे. खटका ओढून ती दुसऱ्या रुळावर वळवली तर एकच माणूस मरेल, आणि बरेच जण खटका ओढतात. पुलावरून एका जाड्या माणसाला ढकलून ट्रॉली थांबवायची म्हटलं की तेच लोक हात मागे घेतात. हिशोब तर दोन्हीकडे सारखाच. तुम्ही काय कराल यात शिक्षकांना फारसा रस नसतो, या दोन प्रसंगांत फरक करणारं तत्त्व त्यांना हवं असतं. ‘माणसाला साधन म्हणून वापरू नये’ असं म्हणालात, तर लगेच तिसरा प्रसंग पुढे येतो: दुसरा रूळ फिरून पुन्हा पाच जणांकडेच जातो आणि त्या एकाच्या देहामुळेच ट्रॉली थांबते. आता?

‘प्रत्येकाचं मत आपापल्या जागी बरोबर’ हे इथे सगळ्यांत जास्त ऐकू येणारं उत्तर आणि सगळ्यांत लवकर फसणारं. मग ‘तुझं मत साफ चूक आहे’ म्हणणाराही आपल्या जागी बरोबरच ठरतो की.

वाचनात ठेच लागते ती पूर्वपक्षापाशी. लेखक आधी विरोधकाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडतो, कधी चार-चार पानं, आणि विद्यार्थी तेच लेखकाचं मत म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या 1641 सालच्या ‘मेडिटेशन्स’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून ‘देकार्त जगाचं अस्तित्व नाकारतो’ असं लिहिणारे दरवर्षी निघतात. तिथे तो सगळ्यावरच संशय घेतो, पण तो संशय ही पद्धत आहे, सहाव्या प्रकरणापर्यंत जग परत जागेवर येतं. म्हणून वीस पानं तीनदा वाचायची: पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून, दुसऱ्यांदा ‘हे कोण बोलतंय’ याच्या खुणा समासात करत, तिसऱ्यांदा आधारविधानांना क्रमांक देत.

निबंधात गुण जातात ते पसाऱ्यामुळे. दीड हजार शब्दांत पाच तत्त्ववेत्ते कोंबले की एकाचाही युक्तिवाद धड मांडून होत नाही. एकच युक्तिवाद घ्या, तो तीन-चारशे शब्दांत असा मांडा की त्याचा कर्ता म्हणेल, ‘हो, हेच म्हणायचं होतं मला.’ मग कितव्या क्रमांकाच्या विधानाशी तुमचं भांडण आहे ते सांगा. त्यावर समोरचा काय उत्तर देईल तेही तुम्हीच लिहा, आणि ते लुळंपांगळं नको. ‘मानव अनादि काळापासून विचार करत आला आहे’ अशी सुरुवात सुचली तर तो परिच्छेद सरळ खोडा.

हा विषय घ्यायचा की नाही हे ठरवायचं असेल तर देकार्तच्या ‘मेडिटेशन्स’चंच पहिलं प्रकरण घ्या, मोजकीच पानं आहेत. त्यातला स्वप्नाचा युक्तिवाद (आपण आत्ता स्वप्नात नाही हे कशावरून?) चार-पाच क्रमांकित वाक्यांत लिहून पाहा. पहिल्या खेपेला एखादं विधान निसटेलच. ते शोधायला पुन्हा पान उघडावंसं वाटतंय का, ते बघा.