सही शेवटी बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सहीचं म्हणून तो गृहस्थ जे पोस्टकार्ड तुझ्या गळ्यात मारू पाहतोय, त्यावर तारीख आहे १८७७ ची. आपल्याकडे पोस्टकार्ड निघालं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. शास्त्रीबुवा गेले १७ मार्च १८८२ ला. त्यांच्या हातचं खरं कार्ड असलंच तर ते या पावणेतीन वर्षांतलं असणार. सहीपर्यंत जायचीही गरज पडली नाही.

सहीकडे नेहमी शेवटीच बघत जा. आधी भिंग घेऊन घड्या तपास. शाईची रेघ घडीवरून जाताना भेगेत झिरपून पसरली असेल, तर कागद आधी जुना झाला आणि लिहिणं नंतर झालं. मग सही. आपल्या नागपुरात झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, तिथे जुनी चरित्रं चाळ. काहींत हस्ताक्षराचा नमुना छापलेला सापडेल. विकायला आलेली सही त्या नमुन्याशी रेघेला रेघ जुळली, तर खूश होऊ नकोस. कोणाच्याही दोन सह्या इतक्या तंतोतंत जुळत नाहीत. ती गिरवलेली असते.

आणि मोडी शिकच. त्या काळचा घरगुती पत्रव्यवहार बराचसा मोडीत चाले. मजकूर वाचता येत नसेल तर तू विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजणार.

खरी पत्रं सहसा एकटी नसतात. जुन्या महाल वस्तीत एखादा वाडा पाडायला काढतात, तेव्हा माळ्यावरून रुमालात बांधलेली दप्तरं खाली येतात. मग कोणीतरी नावाजलेल्या सहीची दोन पत्रं उचलतो आणि बाकी रद्दीत घालतो. मला याचा भारी संताप येतो. त्या बाकीच्यातच लिफाफा असतो, उत्तराची कच्ची प्रत असते, पुस्तकाच्या पैशांचा चिटोरा असतो. पत्र कोणाला, कशासाठी गेलं, हे त्यावरूनच कळतं. इंग्लंडात त्या काळी पत्राखालची सही कात्रीने कापून वहीत डकवायची टूम होती. आपण वेगळं काय करतो?

मिळालेलं पत्र कूलरच्या खोलीत ठेवू नकोस. मे महिन्यात त्या दमट हवेने कागद फुगतो, कूलर बंद झाला की कडक होतो, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं, पण कसर लागलीय का ते महिन्याकाठी बघ. सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशनवाल्याच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. नोंद करायची ती वेगळ्या कागदावर.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचं म्हणालीस, ते डोक्यातून काढून टाक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुना, साहित्यिक मोलाचा दस्तऐवज परवानगीवाचून देशाबाहेर पाठवता येत नाही.

कार्ड परत कर, भांडू नकोस. फक्त त्याला एवढं विचार, की हे कुठल्या घरून आलं आणि सोबतचे कागद कोणाला दिले. ते रद्दीवाल्याकडे असतील तर उद्याच जा.

तुझा,
काका