वाचकांचे प्रश्न : ‘पाल’ म्हणजे दूध कसं?

प्रश्न : धानोरा तालुक्यात मी पहिली-दुसरीला शिकवते. बहुतेक लेकरांची घरची भाषा गोंडी आहे. फळ्यावर ‘पाल’ लिहून अर्थ विचारला तर दोघंतिघं ‘दूध’ म्हणाली. ‘पेन’ म्हणजे देव, असंही सांगतात. मराठी शब्द गोंडीत जाऊन बिघडले, असं सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. ते खरं का?
– एक शिक्षिका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, काहीही बिघडलेलं नाही. लेकरांनी बरोबर उत्तर दिलं, फक्त ते गोंडीत दिलं. गोंडीत पाल म्हणजे दूधच. तेलुगूत पालु, तमिळमध्ये पाल, कन्नडमध्ये हालु. गोंडी ही द्रविड कुळातली, या भाषांची बहीण. मराठी आर्य कुळातली. दोघी शेकडो वर्षं शेजारी नांदल्या, पण त्यांचं माहेर वेगळं.

कन्नडमध्ये ‘ह’ कुठून आला, असं वाटेल. जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला, आणि तो एकाच शब्दात नाही, ओळीनं झाला. दाताला गोंडी आणि तमिळमध्ये पल, कन्नडमध्ये हल्लु. भिंतीवरच्या पालीला तमिळमध्ये पल्ली, कन्नडमध्ये हल्लि. असा नेमाने होणारा बदल दिसला की नातं पक्कं समजावं. नुसत्या सारखेपणापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम असतो.

आता गंमत बघा. आपली मराठी ‘पाल’ संस्कृत ‘पल्ली’वरून आली, आणि तमिळ पल्लीचा अर्थही तोच. म्हणजे प्राण्याच्या नावात दोन कुळांमध्ये देवाणघेवाण झालेली दिसते. दुधाच्या ‘पाल’शी मात्र तिचा काही संबंध नाही. ‘पेन’चंही तसंच. आपला लिहायचा पेन इंग्रजीतून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पेन्ना’ म्हणजे पीस. पर्सापेन या गोंडांच्या मोठ्या देवाच्या नावातला पेन गोंडीचा स्वतःचा.

मग आवाज जुळतात कसे? छोट्या शब्दांत ते जुळणारच. हिशेब करून पाहा. समजा एका भाषेत शब्दाच्या सुरुवातीला येतील अशी २० व्यंजनं, मध्ये ५ स्वर, शेवटी २० व्यंजनं. २० × ५ × २० म्हणजे शब्दांचे २,००० घाट (साचे) झाले. दोन्ही भाषांनी त्यातले ३००-३०० वापरले, तर योगायोगानंच ३०० × ३०० ÷ २,००० म्हणजे ४५ घाट दोन्हीकडे सापडतील. शब्द लांबला की हा आकडा झपाट्यानं घसरतो. म्हणूनच असे जोड बहुतेक एक-दोन अक्षरीच मिळतात. नार : मराठीत बाई, गोंडीत गाव. कोर : आपल्याकडे भाकरीची, तिकडे कोंबडी. कल : आपल्याकडे मनाचा ओढा, तिकडे दारू. येर (काही गावांत एर) म्हणजे पाणी. आपलं येर ‘येरागबाळ्या’तलं, म्हणजे इतर. घराला गोंडीच्या काही बोलींत रोन, काहींत लोन. ‘लोन काढलं’ हे वाक्य बँकेच्या दारात एक आणि मुलाच्या कानात भलतंच.

वर्गासाठी असं करा. रोजच्या वापरातले २० शब्द घ्या. एका चित्राखाली मराठी आणि गोंडी दोन्ही शब्द लिहा. गोंडी शब्द एकाच मुलाकडून घेऊ नका, निदान तीन वेगवेगळ्या घरांतून विचारून घ्या, कारण दोन खोऱ्यांत उच्चार बदलतो. ऱ्हस्व-दीर्घ नीट ऐका. मराठी कानाला इथेच फसायला होतं : पल आणि पाल यांची गफलत झाली की दुधाचा दात होतो. अनेकवचनही विचारा. देव असेल तर पेनक होतं. आपला लिहायचा पेन एक असो की दहा, पेनच राहतो. आणि ‘पेन खाली ठेवा’ असं पहिल्याच आठवड्यात म्हणू नका, ‘लिहायचा पेन’ म्हणा. ज्या लेकराच्या घरी पेनठाण्यापुढे चप्पल काढतात, त्याला हा फरक फार मोठा असतो.

प्रश्न : आमच्याकडे कोरकू पोरं गणिताच्या तासाला ‘कोन’ ऐकून हसतात, कारण त्यांच्यात कोन म्हणजे मुलगा. वाघाला ते कुला म्हणतात. वाघ कुळाचा देव, म्हणून ‘कुळ’वरून ‘कुला’ झालं, असं कोणी सांगितलं. पटत नाही.
– एक वाचक, धारणी

उत्तर : भाऊ, तुमची शंका रास्त आहे. कोरकू मुंडा गटातली. ती ना मराठीची, ना गोंडीची. तिच्या बहिणी झारखंडकडे. वाघाला मुंडारीत कुला, संथाळीत कुल. मराठी ‘कुळ’ जिथे पोचलं नाही तिथेही अर्थ वाघच, म्हणून ही व्युत्पत्ती टिकत नाही. ‘कोन’चं नातं मुंडारीतल्या ‘होन’शी, म्हणजे लेकराशी. कोरकूत माणूस कोरो, मुंडारीत होडो. इकडे क, तिकडे ह, दोन्ही शब्दांत. ‘कोरकू’ या नावातही तोच कोरो आहे. शेवटचा ‘कू’ अनेकवचनाचा, म्हणजे ‘माणसं’. त्रिकोणातला कोन संस्कृत ‘कोण’चा. गणिताच्या तासाला आधी काडीनं कोन करून दाखवा, शब्द नंतर सांगा.

प्रश्न : आवाज आणि अर्थ दोन्ही जुळले, तर नातं मानायचं ना?
– एक विद्यार्थी, वणी

उत्तर : लगेच नाही. ‘बदनाम’मधला फारसी बद आणि इंग्रजी बॅड, दोन्ही म्हणजे वाईट. पण फारसी शब्दाचं जुनं रूप ‘वद’ आहे. मागे जावं तसे हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात, म्हणून हा योगायोग. उलट मासा गोंडीत मीन, आपल्या राशीतही मीन; तो द्रविड भाषांतून संस्कृतात आला असं मानतात. म्हणजे उसनवारी. दोन्हीकडे जुळणी सारखीच, कारणं मात्र वेगळी.

तपासायचं तर शब्दाचं सगळ्यात जुनं रूप शोधा, मग त्याच कुळातल्या निदान तीन भाषांत तो पाहा. द्रविड शब्दांसाठी बरो आणि एमेनो यांचा व्युत्पत्तिकोश (दुसरी आवृत्ती १९८४) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. त्यात गोंडी आणि कोलामीही आहेत. आणि शब्द मधूनच तोडू नका. तेलुगूत ऊरु म्हणजे गाव, हे खरं. गुंटूर, नेल्लूरमध्ये ते आहे. पण नागपूर, चंद्रपूरचा तुकडा ‘पूर’वर पडतो, ‘ऊर’वर नाही. आपण ‘ऊर भरून आला’ म्हणतो तो तिसराच, संस्कृत उरस्, म्हणजे छाती.