पेन्शन नव्हती म्हणून पळून आलेले?

प्रश्न : ताई, आमचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात, राहायला आम्ही हडपसरला. माझे आजोबा 1940 साली मराठा पलटणीत भरती झाले आणि 1946 साली घरी आले. पुढे शेवटपर्यंत शेतीच केली. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांना पेन्शन नव्हती. त्यावरून भावकीतले काही जण आजही म्हणतात, ‘म्हातारा पलटणीतून पळून आला होता.’ परवा एका लग्नात माझ्या मुलासमोर हे बोलणं झालं. घरात त्यांची काळी ट्रंक आहे, सहा टोकांचे दोन तारे आहेत आणि डिस्चार्जचा एक इंग्रजी कागद आहे. त्यावर ‘कॅरेक्टर’पुढे ‘एक्झेम्प्लरी’ लिहिलंय. वडील आता नाहीत. एक आत्या आहे, नव्वदीला टेकलेली. आजोबांचं खरं काय ते कसं शोधू?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमचे आजोबा पळून आलेले नव्हते. पुढचं वाचायच्या आधी हे मुलाला सांगून टाका. पळून गेलेल्या शिपायाला असा कागद मिळत नसे, आणि ‘एक्झेम्प्लरी’ हा तर वागणुकीचा सगळ्यात वरचा शेरा. त्याच कागदावर ‘डिस्चार्जचं कारण’ असा रकाना असेल. त्यात काय लिहिलंय ते कुणा जाणत्याकडून वाचून घ्या आणि त्याची झेरॉक्स भावकीत ज्याला हवी त्याला द्या.

पेन्शनचं म्हणाल तर शिपायाला ती बसायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. आजोबांची भरली सहा. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य दोन लाखांच्या आसपास होतं ते 25 लाखांपर्यंत गेलं, आणि लढाई संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना घरी धाडलं गेलं. गावोगावी अशी बिनपेन्शनी माणसं परतली. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन सुरू केलं. आजोबांनी किंवा आजींनी ते कधी घेतलं होतं का, हे पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घेतलं असेल तर तिथे त्यांची नोंद सापडेल.

आता ते तारे. प्रत्येक ताऱ्याच्या मधल्या कड्यावर त्याचं नाव असतं. ‘आफ्रिका स्टार’ असेल तर फीत वाळूच्या रंगाची, मधे रुंद लाल पट्टा. ‘इटली स्टार’ असेल तर लाल, पांढरा, हिरवा. ‘बर्मा स्टार’ची फीत निळी, मधे लाल आणि दोन्हीकडे नारिंगी रेघा. पितांबरी लावून चकचकीत करू नका, सुक्या फडक्याने पुसा. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव घातलेलं असेल. पुसट झालं असेल तर तिरप्या उन्हात धरून बघा. तो नंबर सगळ्यात महत्त्वाचा. नंबर, डिस्चार्जच्या कागदाची प्रत आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नुसत्या नावावर शोध लागणार नाही; एका नावाचे तिथे शेकड्याने असतात.

बटालियन कळली की नकाशा उलगडतो. तिसरी बटालियन 1941 मध्ये आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली आणि पुढे इटलीत. नाईक यशवंत घाडगे तिचेच, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालं. इटलीतल्या मोन्तोने गावाने 2023 मध्ये त्यांचं स्मारक उभारलं. दुसरी बटालियन 1942 च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैदेत गेली. आजोबा तिच्यात असतील तर त्यांच्या गप्प राहण्याचं वेगळं कारण शोधायला नको.

माझे वडील चौथ्या बटालियनचे. 1944 च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला होते. तिथल्या डोंगरावर जपान्यांच्या वेढ्यात पाण्याचे फार हाल झाले. एवढं एकच त्यांनी आम्हाला सांगितलं, तेही विहिरीवर माझ्या हातून भरली कळशी लवंडली तेव्हा. एरवी शांत माणूस, पण सांडलेलं पाणी त्यांना बघवायचं नाही. म्हणून आत्याला ‘लढाईत काय झालं’ असं विचारू नका, तिला ते ठाऊक नसणार. विचारा, की तुझ्या वडिलांना घरात काय खपत नसे? रात्री झोपेत ओरडायचे का? बांध घालताना, झाडं लावताना त्यांची काय रीत होती? आणि हे याच आठवड्यात विचारा.

माझी नोकरी सगळी तलाठी दप्तरात गेली, त्यामुळे मी तुम्हाला आणखी एका ठिकाणी पाठवणार आहे. सासवडच्या तहसील कचेरीतून 1940 ते 1950 चे सात-बारा आणि फेरफार काढा. स्कॅन झालेले जुने उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही मिळतात. पीकपाहणीत ‘जमीन करणाराचे नाव’ असा रकाना असतो. त्या सहा वर्षांत तिथे कुणाचं नाव आहे ते बघा. आजोबांचं असेल, तर ते तेव्हा पलटणीत होते. त्या सालची बाजरी त्यांनी पेरलेली नाही. ती आजींनी पेरली.

माझ्या आईने तशीच पेरली. मोट हाकायला गडी मिळेना, तेव्हा ती स्वतः बैलांमागे धावेवर उतरायची. नाड्याने तिच्या उजव्या तळव्याला पडलेला घट्टा मी लहानपणी बोटाने दाबून बघायचे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की ती अंगठा द्यायची आणि कुपनावरच्या दोन ओळी त्याच्याकडूनच दोनदा वाचून घ्यायची. या बाईचं नाव वडील असेपर्यंत एकाही सरकारी कागदावर आलं नाही. ते आलं वडील गेल्यावर, वारस नोंदीत. तुमच्या आजींचं नाव आजोबांच्या नावाशेजारी लिहा, त्याच आकाराच्या अक्षरात. मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच.

आणि त्या रकान्यात चुलत घरातल्या कुणाचं नाव निघालं, तर जरा थांबून विचार करा. माणूस पलटणीत गेला की जमीन भावकीतलं कुणीतरी कसायचं. तो परत येऊन जमीन मागायचा, आणि कसणाऱ्याला हक्क देणाऱ्या 1948 च्या कुळकायद्यानंतर तर त्या रकान्यातल्या नावाला फार मोल आलं. ‘पळून आला’ हे बोलणं कुठल्या बांधावर सुरू झालं, याचा माग कधीकधी तिथे लागतो. मी असे फेरफार पाहिले आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत 1914 ते 1919 च्या लढाईला गेलेल्यांची दगडी पाटी आहे. त्यात किती गेले आणि किती मेले एवढंच आहे, नावं नाहीत. ती कुठे मिळतील?
— एक शिक्षिका, भोर

उत्तर : अशा पाट्या आपल्या भागात पुष्कळ गावांत आहेत. मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधता येतात. नाव, पलटण किंवा वर्ष घालून बघा. हिंदुस्थानात मरण आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची आठवण खडकीच्या युद्धस्मशानातल्या 1914–1918 स्मारकावर आहे. मुलांची सहल तिथे जरूर न्या. पण मराठा पलटणीतले पुष्कळ जण इराकात गेले होते. 29 एप्रिल 1916 ला तिथलं कूत शहर तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी आत होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या टाकली. नावं वह्यांत होती, तरी असं केलं. तुमच्या वर्गाने यादीतून चार नावं जरी शोधली, तरी ती ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पाटीखाली लावायचा ठराव मांडा.