फ्रिगेटचं आयुष्य किती असतं? 'आयएनएस गोदावरी' ३२ वर्षांनी का निवृत्त केली?

तुम्ही विचारलंय की क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, किती वर्षं चालते, आणि 'गोदावरी' चांगली तरंगत असताना तिला का काढलं. मी गंगाखेडचा. नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा, होतो, वाफेच्या जहाजाच्या बॉयलर रूममध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो.

आपल्याकडे अशी नौका साधारण ३० ते ३५ वर्षं सेवेत राहते. गोदावरी माझगाव डॉकमध्ये बांधली, १० डिसेंबर १९८३ला दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ला मुंबईत निवृत्त झाली. तिच्या बहिणींपैकी, म्हणजे त्याच बनावटीच्या नौकांपैकी, गंगा १९८५ ते २०१८, गोमती १९८८ ते २०२२. आमच्या भागात गोदावरीलाच गंगा म्हणतात, त्यामुळे ही दोन वेगळी जहाजं आहेत हे आईला समजावायला मला वेळ लागला होता.

सांगाडा सहसा आधी दगा देत नाही. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढलेल्या गोदीत, पत्र्याची जाडी मोजतात, झिजलेल्या प्लेटा कापून नव्या बसवतात. वय कळतं ते यंत्रात. गोदावरी वाफेच्या टर्बाइनवर चालायची. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं हीटरची कॉइल क्षार धरते ना, तोच धोका बॉयलरच्या नळ्यांना असतो, म्हणून त्यांच्या पाण्याला फार जपावं लागतं. बाहेरून आग असतेच. नळी फुटली की बॉयलर थंड करायचा आणि माणूस आत उतरून ती बंद करणार. थंड बॉयलरमधून पुन्हा वाफ उभी करायला कित्येक तास लागतात. गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार असते. २०१०ची फ्रिगेट 'शिवालिक' डिझेल आणि गॅस टर्बाइनवर चालते, शिवाय रडारला कमी दिसते. गोदावरीवर क्षेपणास्त्रं सोव्हिएत, हेलिकॉप्टरं ब्रिटिश सी किंग. इतकी जुनी सामग्री सांभाळायची तर सुटे भाग मिळवण्यातच जीव जातो. रिफिट, म्हणजे गोदीतल्या मोठ्या दुरुस्त्या, लांबत जातात, समुद्रावरचे दिवस कमी होतात. मग तो खर्च नव्या जहाजावर केलेला बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण तिनं काम चोख केलं. १९८८ साली मालदीवच्या बंडात ओलिसांना घेऊन पळालेलं 'प्रोग्रेस लाइट' जहाज गोदावरी आणि 'बेतवा' या दुसऱ्या युद्धनौकेनं भर समुद्रात गाठलं.

निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला ध्वज आणि कमिशनिंग पेनंट, म्हणजे नौका सेवेत असल्याची खूण असलेली लांब पताका, शेवटचं उतरवतात. आम्हा बॉयलरवाल्यांचा निरोप त्याआधीच झालेला असतो, शेवटच्या फेरीहून परतल्यावर बर्नर विझवतो तेव्हा.