तुमचं घर, तुमचे प्रश्न: दिव्याचा आरसा

प्रश्न: आम्ही नाशिकला, इंदिरानगरात फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी अंबडला कंपनीत आहे. पहाटे अंधारातच आवरून निघते आणि बसमध्ये बसल्यावर तिला कळतं, की गालावर फाउंडेशनचा पट्टा तसाच राहिलाय. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लांबचं छान दिसतं, पण जवळचं चष्म्याशिवाय नाही. आणि चष्मा लावून काजळ कसं घालणार? म्हणून भिंतीवरचा, दिव्याचा, मोठं दाखवणारा आरसा घ्यायचाय. ५एक्स, म्हणजे पाचपट मोठं दाखवणारा घ्यावा, की १०एक्स? बेसिनवर लावावा की बेडरूममध्ये? बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे.

उत्तर: ताई, १०एक्सच्या फंदात पडू नका. दुकानात सगळे त्याच्यावरच भाळतात, कारण पापणीचा एकेक केस सुतळीएवढा दिसतो. पण त्यात नीट दिसायला तोंड चार-पाच इंचांवर न्यावं लागतं आणि एका वेळी जेमतेम एक डोळा मावतो. दोन्ही भुवया सारख्या झाल्या का, हे त्यात कळणार कसं? एका बाजूने ५एक्स आणि उलटला की साधा, असा फिरणारा आरसा घ्या. ५एक्सला नऊ-दहा इंचांचं अंतर मिळतं, म्हणजे हात मध्ये येऊ शकतो.

सासूबाईंना तर हा आरसा मुलीपेक्षाही उपयोगी पडेल. मोठं दाखवणारा आरसा अंतर्गोल असतो आणि त्यातली प्रतिमा आरशाच्या बरीच मागे पडते. ५एक्ससमोर दहा इंचांवर बसलं, तर डोळ्याच्या हिशेबाने आपला चेहरा जवळपास पाच फुटांवर असतो. लांबचं दिसणाऱ्या माणसाला तो चष्म्याशिवाय दिसतो. साध्या आरशात हे होत नाही. तिथे दहा इंचांवरचा चेहरा वीस इंचांवर दिसतो आणि धूसर राहतो. घेण्याआधी सासूबाईंना एकदा दुकानात नेऊन समोर बसवाच.

आता उजेडाचं. माझ्याकडे येणारे लोक आरशाचा आकार विचारतात, फ्रेमचा रंग विचारतात, दिव्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. फाउंडेशनचा पट्टा राहतो तो दिव्यामुळेच. पिवळ्या, २७०० केल्विनच्या दिव्यात सगळीच त्वचा गोरीगोमटी, एकसारखी दिसते. केल्विनचा आकडा वाढतो तसा उजेड पांढरा होतो. रोजच्या वापराला ४००० ते ५००० केल्विन घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, छापलेला असतो, तो ९० किंवा वर हवा. छापलेला नसेल तर मी तो आरसा परत ठेवते. दुकानात स्वतःची लिपस्टिक मनगटावर ओढा, आरशाच्या उजेडात बघा आणि मग दाराशी जाऊन दिवसाच्या उजेडात बघा. रंग बदलला तर पुढच्या दुकानात चला. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरल्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवा फडफडतोय. अशा दिव्याने डोळे शिणतात. दिवा काचेच्या चारी बाजूंनी असावा. नुसती वर नळी असेल तर डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पडते आणि मुलगी नसलेली काळी वर्तुळं झाकत बसेल!

बेसिनवर लावू नका. गीझरच्या वाफेने आरशाच्या कडा काळ्या पडतात, शिवाय ओले हात आणि वीज. बेडरूममध्येच लावा, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर नको. अंतर्गोल आरशावर थेट ऊन पडलं की ते फूट-सव्वा फुटावर एका ठिपक्यात गोळा होतं, आणि तिथे पडदा किंवा गादी असेल तर जळते. यात अतिशयोक्ती नाही, अशा आगी लागलेल्या आहेत. तुमची खिडकी पूर्वेची, म्हणजे सकाळचं ऊन थेट आत. खिडकीच्याच भिंतीवर, बाजूला जागा असेल तर उत्तम. तरीही वापर झाला की साधी बाजू पुढे करून ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा.

उंची ठरवताना सुताराच्या अंदाजावर जाऊ नका. आरशाचा कात्रीसारखा उघडणारा दांडा, म्हणजे त्याचा हात, आरसा पुढे आणतो, वर-खाली करत नाही. मुलगी उभी, सासूबाई खुर्चीवर, दोघींच्या डोळ्यांत फूटभर तरी फरक येणार. मी मुलीलाही स्टुलावर बसवेन आणि बसलेल्या डोळ्याच्या रेषेत आरशाचा मध्य धरेन. जमिनीपासून साधारण पावणेचार फूट येतं. आधी भिंतीवर खडूने गोल काढून दोघींना समोर बसवा.

इलेक्ट्रिशियनला आरसा आणायच्या आधी नाही, आणल्यावर बोलवा. वायर आरशाच्या भिंतीवर बसणाऱ्या पाटीत कुठून शिरते ते मॉडेलप्रमाणे बदलतं. वेगळं बटण मागा, नाहीतर आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, दिवसभर चालूच राहतो. धातूची बॉडी असेल तर अर्थिंग हवंच. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू देऊ नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो. आणि ड्रिलमधून पडणारा भुगा बघत उभ्या राहा. लाल पडला तर वीट, साधा फिशर (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) चालेल. करडा आणि ड्रिल कण्हत असेल तर काँक्रीट, घट्ट बसेल. पांढुरका, पिठासारखा भसाभस पडला तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. त्यात लहान फिशर फिरत राहतो, ब्लॉकसाठीचा लांब फिशरच मागवा. आरसा किलो-दीड किलोचाच असतो, पण हात पूर्ण बाहेर ओढला की सगळा ताण वरच्या स्क्रूवर येतो, आणि सासूबाई उठताना त्यालाच धरणार हे गृहीत धरा.

प्रश्न: पंचवटीत जुन्या वाड्यात भाड्याने राहते. मालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाहीत. चिकटवायचा किंवा रबरी कपाचा आरसा टिकेल का?

उत्तर: नाही. रबरी कप गुळगुळीत टाइलवर धरतो, चुन्याच्या भिंतीवर क्षणभरही नाही. चिकटपट्टी रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येईल आणि मालकांशी वाद वेगळाच. टेबलावर ठेवायचा, यूएसबीवर चालणारा आरसा घ्या. लाईट गेली तर पॉवर बँकेवरही चालतो. बूड जड आहे ना, तेवढं हलवून बघा.